पेन्शनसाठी थांबायचं, पण कुठवर?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे यजमान लष्करात नायक आहेत, म्हणजे शिपायाच्या वरच्या आणि हवालदाराच्या खालच्या हुद्द्यावर. वय 33, नोकरी 13 वर्षं 4 महिने. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण फॅमिली क्वार्टर मिळून एकत्र राहणं झालं ते जेमतेम सव्वादोन वर्षं. मुलगी दुसरीत, मुलगा अडीच वर्षांचा. सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, शेती, मुलांची दुखणीखुपणी, सगळं ताई एकट्या बघतात. त्यांच्या भावाचा चाकणला ट्रान्सपोर्टचा व्यवसाय आहे. तो म्हणतो, "दाजींना आत्ताच बोलावून घे. महिना 32,000 देतो, पुढे भागीदारी." सासरे म्हणतात, "पंधरा वर्षं भरल्याशिवाय घरी येऊ नको म्हणावं." आणि यजमानांना विचारलं तर "तू म्हणशील तसं" एवढंच उत्तर येतं. ताई लिहितात : "पेन्शनीपायी आम्ही आमची उमेदीची वर्षं विकतोय का? गावात लोक म्हणतात, फौजींना काय, फुकट पेन्शन, फुकट दवाखाना, स्वस्त कॅन्टीन. त्या फुकटाची किंमत मी रोज मोजते. एवढी किंमत मोजण्याजोगं त्यात खरंच काही आहे का?"

ताई,

तुमचा मुलगा मोबाईलवर दिसणाऱ्या माणसाला पप्पा म्हणतो आणि सुट्टीवर आलेल्या माणसाला बघून तुमच्या पदराआड लपतो, असं तुम्ही लिहिलं आहे. ते वाचून मी पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. माझे यजमान 1996 साली भरती झाले आणि 24 वर्षांनी हवालदार म्हणून घरी आले. आमच्याही घरात हे घडलं आहे. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर नुसतं हिशोबाचं नाही हे मला ठाऊक आहे. तरीही हिशोबापासूनच सुरुवात करते, कारण तो नीट मांडला नाही म्हणून आमची काही वर्षं चुकीच्या कारणासाठी गेली. तुमची जाऊ नयेत.

आधी त्या "फुकट"बद्दल. सरकारी कचेरीतला कारकून वयाच्या अठ्ठावन्न-साठीपर्यंत पगार घेतो. जवानाला मात्र पस्तिशी-चाळिशीत घरी पाठवतात, कारण सैन्य तरुण ठेवणं ही देशाची गरज आहे. ज्या वयात इतरांचा पगार भराभर वाढतो, त्याच वयात याचा थांबतो. तेव्हा पेन्शन म्हणजे कामाच्या मोबदल्याचाच मागे ठेवलेला भाग. खर्च मोठा आहे, हे मी नाकारत नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी 6.81 लाख कोटी रुपये होते, त्यांतले सुमारे 1.61 लाख कोटी निव्वळ पेन्शनचे. म्हणजे शंभरातले जवळजवळ चोवीस रुपये. 1 जानेवारी 2004 नंतर लागलेल्या केंद्राच्या मुलकी कर्मचाऱ्यांना नवी अंशदायी योजना (जिच्यात कर्मचाऱ्यालाही पगारातून हिस्सा भरावा लागतो) लागू झाली, सैन्याला मात्र त्यातून वगळलं. म्हणून ही पेन्शन लोकांच्या डोळ्यावर येते. देशाला हा खर्च कसा पेलवायचा याचा विचार अर्थमंत्र्यांनी करायचा आहे. सासूबाईंना धरून जिन्यावरून उतरवणाऱ्या सुनेनं त्याचं ओझं मनावर घेऊ नये.

आता तुमचं गणित. अधिकारी सोडून बाकीच्या जवानांना सेवा पेन्शनसाठी 15 वर्षांची नोकरी लागते. चौदा वर्षं अकरा महिन्यांना थोडी कमी पेन्शन, असं इथे नसतं. 15 भरली तर शेवटच्या पगाराच्या निम्मी, आणि स्वतःहून त्याआधी सोडलं तर पेन्शन नाही. म्हणजे तुमच्या यजमानांच्या सगळ्या नोकरीच्या पेन्शनचं वजन आज उरलेल्या 20 महिन्यांवर येऊन बसलं आहे.

आकड्यात सांगते. समजा शेवटचा मूळ पगार 33,300 असेल, तर त्यात मिलिटरी सर्व्हिस पेचे, म्हणजे लष्करी नोकरीसाठी मूळ पगारावर मिळणाऱ्या ठरावीक रकमेचे, 5,200 धरून होतात 38,500. पेन्शन त्याच्या निम्मी, 19,250. त्यावर महागाई भत्ता, जो 1 जुलै 2025 पासून 58 टक्के झाला. म्हणजे त्या दराने महिना 30,400 च्या आसपास. एवढी रक्कम दर महिन्याला नुसत्या व्याजातून यायची तर सात टक्क्यांनी बँकेत 52 लाख रुपये ठेवावे लागतील, आणि ते व्याज महागाईबरोबर वाढणार नाही. पेन्शन वाढते. शिवाय त्यांच्यामागे तुम्हाला कुटुंब पेन्शन आहे, सर्वसाधारणपणे शेवटच्या पगाराच्या 30 टक्के आणि त्यावर भत्ता.

दुसरी गोष्ट पैशांपेक्षा जास्त लपलेली आहे, पुष्कळ कुटुंबांना ती बाहेर पडल्यावर कळते. पेन्शन मिळण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून जो बाहेर पडतो, तो सरकारी व्याख्येप्रमाणे "माजी सैनिक" धरला जात नाही. तेरा वर्षं सियाचीनला काढली असली तरी नाही. आणि त्या दोन शब्दांवर बरंच काही अवलंबून असतं. महाराष्ट्रात सरकारी भरतीत क आणि ड गटांत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजलं जाणारं) आहे. सरकारी बँकांत क गटात साडेचौदा आणि ड गटात साडेचोवीस टक्के जागा आहेत. वयाची सवलत वेगळी. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, तिचा दवाखाना पेन्शनरांसाठीच आहे. 2003 साली ही योजना सुरू झाली, एकदाच वर्गणी भरायची, मग पती-पत्नी, अवलंबून असलेली मुलं आणि आईवडील यांच्यावर यादीतल्या रुग्णालयांत कॅशलेस उपचार होतात. सासूबाईंच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे असं तुम्ही लिहिलंय. नुसत्या त्या एका ऑपरेशनाचा खर्च डोळ्यांपुढे आणा.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे. हे 20 महिने थांबा. सासऱ्यांचं एवढं खरं आहे.

पण ते पुढे म्हणतील, "आता एवढी काढलीस तर चोवीस पुरी कर, पेन्शन वाढेल." तिथे मात्र थांबून विचार करा. आम्ही तो केला नाही. 2011 साली आमची पंधरा भरली, आणि घरातल्या थोरल्यांपासून शेजारच्या सुभेदार काकांपर्यंत सगळे एकच म्हणाले, पेन्शन वाढते, थांबा. आम्ही नऊ वर्षं थांबलो. मुलगा पाचवीत होता तो इंजिनीअरिंगला गेला.

पेन्शन वाढली का? वाढली. पण कशी ते बघा. 2006 पासून पूर्ण पेन्शनसाठी 33 वर्षांची अट राहिली नाही, 15 वर्षांनाही निम्मा पगार आणि 24 वर्षांनाही निम्माच. वाढतो तो पगार, वर्षाला तीन टक्के, आणि बढती मिळाली तर थोडा जास्त. त्या वाढीच्या निम्मं पेन्शनीत येतं. म्हणजे 19,250 ची पेन्शन असेल तर एका जास्तीच्या वर्षाने महिना पाचशेच्या आसपास रुपये वाढतात, भत्ता वेगळा. आणि याची दुसरी बाजू मला कुणीच सांगितली नव्हती : पंधरा वर्षं भरल्यानंतर जवान जो पगार घेतो, त्यातला निम्मा तर त्याला घरी बसूनही मिळणार असतो. पुढची वर्षं तो उरलेल्या निम्म्या पगारावर आणि भत्त्यांवर नोकरी करत असतो. ज्याला ती नोकरी आवडते, बढती जवळ आली आहे, क्वार्टर मिळालं आहे, त्याने जरूर करावी. माझ्या यजमानांना आवडायची, हेही खरं आहे. पण आम्ही "आवडते म्हणून" असं कधी म्हटलं नाही, "पेन्शनीसाठी" म्हणत राहिलो, आणि त्यामुळे मुलाच्या दहावीच्या वर्षीसुद्धा घरी येण्याचा विषय निघाला नाही.

मधे एक वळण आहे, ते लक्षात ठेवा. जवानांना 8, 16 आणि 24 वर्षांना एमएसीपीची पायरी मिळते, म्हणजे बढती झाली नसली तरी पगार वरच्या स्तराला जातो. तुमचे यजमान नायक आहेत, म्हणजे त्यांची एक बढती झाली आहे. तोवर दुसरी झाली नाही, तर 16 वर्षांना त्यांचा पगार हवालदाराच्या स्तराला जाईल आणि पेन्शन त्या पगारावर बसेल. पंधरा भरल्याबरोबर कागद टाकायचे की आणखी एक वर्ष काढायचं, हे त्या वेळी दोघांनी मिळून बघा. मला विचाराल तर तोवर मुलगा शाळेत जायला लागला असेल आणि सासूबाई हिंडूफिरू लागल्या असतील तर मी ते वर्ष काढीन. नसतील तर त्या पायरीसाठी थांबणार नाही.

आणखी एक बाब वन रँक वन पेन्शनची, म्हणजे एकाच हुद्द्यावरून तेवढ्याच नोकरीनंतर निवृत्त झालेल्यांना, निवृत्ती कधीची का असेना, सारखी पेन्शन. 7 नोव्हेंबर 2015 च्या आदेशाने ती लागू झाली, 1 जुलै 2014 पासून, आणि दर पाच वर्षांनी पेन्शनची फेरआखणी होते. त्याच आदेशात, यापुढे स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी निवृत्ती घेणाऱ्यांना हा लाभ नाही, असं म्हटलं आहे. त्यावर खटले झाले आहेत. नायकाची मुदत पंधराच्या बरीच पुढे जाते, त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांनी बाहेर पडणं म्हणजे विनंतीवरूनच पडणं. मूळ पेन्शन, ईसीएचएस, माजी सैनिकाचा दर्जा याला धक्का लागत नाही. पण अर्ज देण्याआधी त्या वेळचा नियम काय आहे ते रेकॉर्ड ऑफिसकडून (जिथे जवानांच्या सेवेच्या नोंदी असतात) लेखी घ्या. "आमच्या युनिटमधल्या अमक्याला मिळालं" यावर जाऊ नका.

आता तुमच्या भावाकडे वळते. त्याची माया खरी असेल, मला शंका नाही. पण तो आज 32,000 देतो म्हणतो, आणि 20 महिने थांबलात तर यजमान त्याच्याकडे तेच काम 30,000 ची पेन्शन खिशात घेऊन करू शकतील. मग चाकणला मंदी आली, भावाशी मतभेद झाले, तरी घरची चूल बंद पडणार नाही. आज गेलात तर भाऊच मालक होईल आणि दाजी नोकर, तेही परतीचा रस्ता नसलेले. बहिणीच्या माहेरच्या नात्याला हे फार जड जातं. त्याला प्रेमाने सांगा, "दादा, वीस महिने जागा धर." धरली तर उत्तमच. नाही धरली तर ती भागीदारी किती पक्की होती तेही कळेल.

आणि पैसे हातात येतील तेव्हा एक सांभाळा. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी येईल, वरच्या आकड्यांनी साधारण साडेचार लाख. रजेचा पगार येईल, प्रॉव्हिडंट फंड येईल, ग्रुप इन्शुरन्सची जमा येईल. त्याशिवाय पेन्शन विकायचा पर्याय असतो, निम्म्यापर्यंत. 9,625 विकले तर रोख साडेदहा लाखांच्या आसपास मिळतात आणि पंधरा वर्षं तेवढी रक्कम पेन्शनीतून कापली जाते, एकूण 17 लाख 32 हजार. घर बांधायला कर्ज काढण्यापेक्षा हे बरं पडू शकतं. पण एखाद्या ट्रकच्या भागीदारीसाठी, नणंदेच्या लग्नासाठी, कुणी "बिनव्याजी दे" म्हटलं म्हणून पेन्शन विकू नका. गावात एकरकमी पैसे आलेल्या फौजीच्या ओसरीवर आठ दिवसांत किती माणसं येऊन बसतात, ते मी पाहिलं आहे.

हे सगळं लिहिलं तरी 20 महिने म्हणजे तुमच्या मुलाचं अर्ध्याहून जास्त आयुष्य आहे, हे मी विसरलेले नाही. "दोन वर्षं कशीतरी काढ" असं मी म्हणणार नाही. कशीतरी काढलेली वर्षं पुढे घरात राहतात. वर्षाच्या 60 दिवसांच्या वार्षिक रजेचा आणि 30 दिवसांच्या कॅज्युअल रजेचा आराखडा आत्ताच करा. सगळी रजा सुगीला आणि लग्नसराईला जाते, आणि मुलांच्या वाट्याला चार दिवस येतात. एक सुट्टी तरी मुलांसाठी म्हणून ठेवा, शेताला मजूर लावा, त्याचे पैसे जाऊ द्या. पीस स्टेशनला (सीमेपासून दूर, जिथे कुटुंब नेता येतं त्या छावणीत) क्वार्टरसाठी नाव लावलं आहे का, ते विचारा. नवरा फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा भागात, असेल तर कुटुंबासाठी वेगळी क्वार्टर्स काही छावण्यांत असतात, त्यासाठीही अर्ज करता येतो. सासूबाईंच्या आजारपणाचे कागद जोडून घराजवळच्या पोस्टिंगची विनंती करता येते. पुष्कळ जवान संकोचाने ती करतच नाहीत. सीओ साहेबांची, म्हणजे युनिटच्या प्रमुख अधिकाऱ्यांची, भेट मागून ती मांडायला सांगा. मिळेलच असं नाही, पण न मागता नक्कीच मिळणार नाही.

एका गोष्टीत मात्र मी माझंच उत्तर मागे घेईन. तुमच्या यजमानांचं "तू म्हणशील तसं" मला थोडं खटकलं. तो समजूतदारपणा असू शकतो, थकवाही असू शकतो. त्यांची झोप कशी आहे? फोनवर बोलणं कमी झालंय का? सुट्टीवर आले की माणसांत बसतात का? पिणं वाढलंय का? यातलं काही असेल तर 20 महिने दात-ओठ खाऊन काढायचे नसतात. लष्करी रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ असतात, त्यांना दाखवणं म्हणजे नोकरी घालवणं असं नाही. आणि नोकरीमुळे झालेलं दुखणं, मग ते पाठीचं असो, कानाचं असो की मनाचं, वैद्यकीय कागदांवर वेळीच नोंदलेलं असेल तरच पुढे मेडिकल बोर्डात उपयोगी पडतं. वैद्यकीय कारणाने सेवामुक्त झालेल्यांचे नियमही वेगळे आहेत, तिथे पंधरा वर्षांची अट आड येत नाही. पेन्शनीच्या भीतीने दुखणं लपवणारे जवान मी बघितले आहेत. त्यांच्या बायका नंतर फार रडल्या.

आणि त्यांना प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारा. "येताय की राहताय?" याला फौजी माणूस काय उत्तर देणार? घरी यायची ओढ आणि वडिलांचा शब्द, दोन्ही बाजूंनी तो अडकलेला असतो. त्याऐवजी विचारा, "आल्यावर सकाळी उठून कुठं जायला आवडेल?" चाकणला गाड्यांचा हिशोब ठेवायला, की शेतात, की परीक्षा देऊन बँकेत? बँक म्हणाले तर आजपासूनच तयारीला लागता येईल. दहावी झालेल्या जवानाला 15 वर्षांच्या सेवेनंतर लष्कराकडून पदवी समकक्षतेचं प्रमाणपत्रही मिळतं, काही भरतींत ते चालतं. निवृत्तीआधी पुनर्वसन प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम असतात, त्यांची माहिती युनिटमध्ये आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. ते बोलले तर "घरी येणं" या शब्दाला आकार येईल. आत्ता तुम्हा दोघांपुढे फक्त "सुटका" आहे, आणि तिच्यावर संसार उभा राहत नाही.

ज्यांच्या घरातला मुलगा 2022 नंतर अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षांच्या भरतीवर, गेला आहे, त्यांनाही एक ओळ. वरचा हिशोब तुम्हाला लागू नाही. चार वर्षांनी सुमारे 11.71 लाखांचा सेवा निधी मिळतो, पेन्शन नाही, आणि जास्तीत जास्त चौथा हिस्सा मुलांना पुढे घेतलं जातं. त्यामुळे "पंधरा वर्षं काढ" हा सल्ला तिथे चालत नाही. पहिल्या वर्षापासूनच शिक्षण सुरू ठेवायला सांगा.

ताई, मोठे निर्णय यजमान सुट्टीवर आल्यावर करा, फोनवर करू नका. पण एक काम याच आठवड्यात उरका. मी आमच्या भागातल्या फौजी कुटुंबांचे कागद भरून द्यायला मदत करते. गेल्या पावसाळ्यात एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याचं डिस्चार्ज बुक घेऊन आल्या. त्यात त्यांचं नाव होतं माहेरचं, आधार कार्डावर सासरचं, आणि धाकट्या मुलीचं नाव कुठेच नव्हतं. नवरा गेल्यावर त्या एका नावापायी कुटुंब पेन्शन अकरा महिने अडली. तेव्हा यजमानांना विचारा, लग्नाची आणि दोन्ही मुलांच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्कराच्या कागदांतली अधिकृत नोंद, झाली आहे का, आणि तिच्यात तुमचं नाव, जन्मतारीख आधारवर आहे तशीच आहे का. त्या पानाचा फोटो मागवून घ्या आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून बघा.